लोटन आबांचं चालू साल

तळोद्याच्या जीप स्टँडवर लोटन आबांना कुणी ‘काय आबा, कसं काय?’ असं विचारलं, तर ते साल सांगायचे. ‘अठराशे एकोणनव्वद,’ एवढं बोलून पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे. वर डोंगरातल्या आश्रमशाळेवर नव्यानं बदलून आलेल्या एका मास्तरांना वाटलं, की आबा जीपचं मॉडेल सांगतायत. जीपकडे एकदा नीट बघितल्यावर त्यांना ते पटलंही.

आबा तळोदा ते धडगाव काळी-पिवळी जीप चालवतात. वय साठीच्या पलीकडे, मिशा पांढऱ्या, शिक्षण नववी. आणि हा माणूस गेली तीन वर्षं मराठीतली जुनी थोर पुस्तकं अगदी पहिल्यापासून, सालावार वाचतोय. एकही पान न गाळता. मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल, म्हणजे या उद्योगाला दारूगोळा पुरवणारी मीच. कुठल्या पुस्तकानंतर कुठलं, ही यादी माझ्या हातची. या यादीनं माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं माझ्या दोन्ही पोरांनी मिळून खाल्लं नसेल.

हे सालावारीचं वेड आबांनी स्टँडवरून उचललं. तिथे जीपचा नंबर लागतो. जी आधी आली ती आधी भरायची, ती गेल्याशिवाय मागच्या गाडीनं एक सीटसुद्धा घ्यायची नाही. नंबर लावण्याचं काम आबांकडे. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानं घाईत मधेच दोन प्रवासी घेतले, तर आबांनी ते उतरवले, आणि दिवाळीला मेहुण्याकडे फराळाला गेले तेव्हा तिथेही त्याला पुन्हा बोलले. ‘नंबर मोडाना नही,’ हे त्यांचं पालुपद. पुस्तकांनाही तोच कायदा. मी काउंटरवर एखादी नवी कादंबरी वाचत बसलेली दिसले की खेदानं मान हलवत आणि म्हणत, ‘ताई, तुम्ही अर्ध्या रस्तामा चढी गयात.’

पुढच्या सालातल्या पुस्तकाची त्यांच्यासमोर गोष्टही काढायची सोय नव्हती. लगेच कानांवर हात. सोळाव्या शतकात होते तेव्हा आमच्या वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी एका अलीकडच्या नाटकाचा शेवट सांगितला, तर आबांनी त्यांच्याशी चार महिने अबोला धरला. अध्यक्षांना बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वाचायचे ते स्टेअरिंगवर पुस्तक टेकवून, सीट भरेपर्यंत, आणि मोठ्यानं. मागे बसलेल्या डोंगरातल्या पावरा आदिवासी बायकांना मराठी जेमतेम कळायची. पण जुन्या ओव्यांची चाल त्यांना आवडली होती. आबा थांबले की मागून हाताची ढोसणी यायची, की चालू ठेव. पुढे एकोणिसावं शतक लागलं, नुसतं गद्य सुरू झालं, तेव्हा त्यातल्या एका म्हातारीनं गाणं कुठे गेलं म्हणून आबांना फैलावर घेतलं. आबांनी तिला सांगितलं, की इंग्रज आले. म्हातारीला ते कारण पुरलं.

आता इथवर हे सगळं गमतीचं होतं. गंमत संपली ती गेल्या हिवाळ्यात.

आबांना एकच मुलगी, जयश्री. पुण्याला नोकरी करते. आई गेली आणि दोनच महिन्यांत तिला ती नोकरी लागली. आबा तिला जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. तिची पेटी जीपवर बांधली आणि नंदुरबारला गाडीत बसवून आले. तिथून दोघांमध्ये जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नाही, कारण भांडायला बोलावं लागतं. आठवड्याला एक फोन. बरी आहेस का, बरी आहे. जेवले का, जेवलो. मग दोघंही फोन कोण ठेवतंय याची वाट बघायची.

तीन वर्षांपूर्वी या जयश्रीचं कथांचं पुस्तक निघालं. पुस्तक छोटंसं, पण नाव झालं. आमच्या वाचनालयात दोन प्रती आल्या आणि दोन्हींची पानं सुटेपर्यंत गावानं त्या वाचल्या, कारण पहिल्याच कथेत एक ड्रायव्हर बाप होता. पोरीनं बापाला पुस्तकात घातलं, अशी कुजबुज टपरीपासून गुजरगल्लीपर्यंत पोचली. सगळ्या तळोद्यात ते पुस्तक न वाचलेला माणूस एकच. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, तिचा नंबर अजून लांब आहे. मी एकदा टोकलं, तर मलाच दटावलं. ‘मन्ही आंडेर शे म्हनीसन पुढे घालू का?’ मेहुण्याला नाही, तर मुलीला तरी का, असा त्यांचा न्याय.

गेल्या हिवाळ्यात समितीनं जयश्रीचा सत्कार ठरवला. रविवारी दुपारी चार वाजता, आमच्याच सभागृहात. मी तिला कळवायला फोन केला. ती यायला तयार झाली. मग म्हणाली, ‘मावशी, आबांनी वाचलं का?’ मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ती म्हणाली, की तीन वर्षं मी त्यांच्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघतेय. चांगलं नको, वाईट म्हणू दे. या वेळी मी समोर उभी राहून विचारणार आहे. तोवरही वाचलेलं नसेल, तर जे समजायचं ते मी समजेन, आणि परत तळोद्याला येणार नाही.

मी फोन ठेवला. पोरगी आईच्या वळणावर गेलेली, बोलली की करणारी.

तशीच उठून स्टँडवर गेले. आबांना सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. एकशे वीस पानांचं पुस्तक, एका दुपारचं काम, एवढ्या एका वेळी मोडा तो नंबर, म्हणून हातसुद्धा जोडले. त्यांचं चालू साल तेव्हा एकोणीसशे चौतीस होतं आणि रविवार अकरा दिवसांवर. आबांनी एवढंच विचारलं, की यादीत पुस्तकं किती राहिली. मी म्हटलं चाळीस. ते जीपमधून उतरले, जाऊन रांगेतून स्वतःच्या गाडीचा नंबर काढून घेतला आणि मला म्हणाले, ‘आना सगळा.’

मग जे सुरू झालं त्याला वाचन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्टँडच्या कोपऱ्यात जीप लावून हा माणूस सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत वाचायचा. मी पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होते. टपरीवर पैजा लागल्या. आबा रविवारपर्यंत साठ साल ओलांडतात की नाही, यावर भज्यांच्या प्लेटी ठरल्या. वरच्या गावांना जाणारे ड्रायव्हर गाडी सोडण्याआधी आबांना विचारून घ्यायचे, आज कुठवर. छत्तीस. एकोणचाळीस. बेचाळीसच्या आसपास दोन दिवस गाडी हललीच नाही, तेव्हा मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मी चोरी केली. चार जाडजूड कादंबऱ्या यादीतून हळूच काढून टाकल्या आणि वरचं पान नव्यानं लिहून दिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पुस्तक लपवण्याचं पाप मी पहिल्यांदा केलं. आबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बावन्न सालावरून एकदम छप्पन कसं, असं कोडं त्यांना पडलं होतं. ‘मधला तीन वरीस लोके झोपेल व्हतात का?’ मी मुकाट्यानं चारही कादंबऱ्या आणून दिल्या.

शनिवारी दुपारी ते अठ्ठावन्नमध्ये होते. डोळे लाल, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. आता पोचणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. माझा संयम सुटला. भर स्टँडवर मी त्यांच्यावर ओरडले, की तुमच्या या हट्टापायी पोरगी कायमची जाईल. नियम मोठा की लेक मोठी, ते एकदाचं सांगा मला.

आबा चिडले नाहीत. डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. जयश्रीचंच पुस्तक, तिनं पोस्टानं पाठवलेलं. म्हणाले, ‘पहिलं पान वाचं व्हतं ताई. शबद सगळा समजनात. पन आंडेर काय सांगी ऱ्हायनी, ते नही समजनं. मंग तुमले इचारं. तुम्हीच त सांगं व्हतं, आधीनं सगळं वाचनं पडी.’

ते पुडकं बघितलं आणि मला आठवलं. तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ. मी वाचनालय बंद करत होते, किल्ल्या हातात, घरी पाहुणे. एक जीपवाला दारात उभा राहून असंच पुडकं पुढे करून विचारत होता, की हे समजायला आधी काय वाचावं लागेल. पुडक्यात काय आहे ते मी बघितलंही नव्हतं. तोंडाला येईल ते बोलून मोकळी झाले. याच्या आधीचं सगळं, म्हटलं, आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी हा माणूस दहाच्या ठोक्याला हजर, सगळ्यात पहिलं पुस्तक मागायला. मला वाटलं, हौस आहे. मी यादी करून दिली आणि तीन वर्षं त्याच्यावर हसले.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की आबा, ते मी उगाच बोलले होते. तीन वर्षं दिलेल्या माणसाला ती फुकट होती हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तशीच परत आले. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही.

रविवारी सभागृह भरलं. आबा धुतलेले पांढरे कपडे घालून आले आणि अगदी मागच्या खुर्चीवर बसले. जयश्रीनं व्यासपीठावरून त्यांना बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. अध्यक्ष पाऊण तास बोलले. मग ती उभी राहिली, म्हणाली, पहिली कथा वाचते, आणि पुस्तक उघडलं.

आबा उठले. प्लास्टिकची खुर्ची करकरली. त्यांचं एकसष्ट साल चालू होतं आणि तिची कथा ऐकणं नियमात बसत नव्हतं. खाली मान घालून ते लोकांच्या गुडघ्यांना वाट मागत दाराबाहेर गेले. जयश्री अर्ध्या वाक्यात थांबली होती. मग तिनं उरलेली कथा वाचली, बसमध्ये तिकिटं फाडावीत तशा आवाजात.

कार्यक्रम संपला आणि ती माझ्याकडे आली. शाल-नारळ टेबलावर ठेवून म्हणाली, समजलं मला मावशी. साडेसहाची एसटी आहे, मी निघते. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. पुडकं, किल्ल्या, माझं उत्तर, चाळीस पुस्तकं, लपवलेल्या कादंबऱ्यासुद्धा. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती ऐकून घेऊन उठली आणि चपला न घालता स्टँडकडे निघाली. तिची बॅग आणि चपला घेऊन मी मागे.

आबा जीपमध्ये वाचतच होते. ती शेजारच्या सीटवर चढून बसली. म्हणाली, ‘आबा, मी बी हाई सगळं नही वाचेल.’

आबांनी पुस्तक खाली केलं. तिच्याकडे बघितलं, मग खिडकीतून माझ्याकडे. मी जीपच्या टायरचं निरीक्षण करू लागले.

‘मंग लिखं कसं?’ त्यांनी विचारलं. आबांनी कप्प्यातून पुडकं काढलं, वर्तमानपत्र सोडवलं, पहिल्या पानावर बोट ठेवलं. त्या पानात काय आहे ते मला ठाऊक होतं. बायको गेलेला एक ड्रायव्हर रोज सवयीनं दोघांचा चहा करतो आणि दुसरा कप गार झाला की तोही पितो. आबांचं बोट त्या ओळीवर थांबलं. ‘हाऊ माणूस रोज दोन कप चहा मांडस, आनि दोन्ही एकलाच पेस. तुले कोनी सांगं? मी त कोनलेच सांगेल नही.’

जयश्रीनं त्याच ओळीवर आपलं बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘आबा, ते तुम्हनं नही शे. ते मन्हं शे. पुण्यामा मीच मांडस दोन कप.’

आबांनी चष्मा काढला. दोऱ्यानं बांधलेली काडी नीट करता करता त्यांना ती पुन्हा कानाला लावता येईना. शेवटी चष्मा तसाच मांडीवर ठेवून ते म्हणाले, ‘आते समजनं.’

दोघांपैकी कुणी जीपमधून उतरलं नाही. साडेसहाची एसटी गेली तेव्हा बॅग अजून माझ्याच हातात होती.