समोरच्या संघासाठी लाडू

कोबेच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या करंदीकर काकू मुलाच्या सामन्याला बेसनाचे लाडू न्यायच्या आणि ते समोरच्या संघाला वाटायच्या. आपल्या पोरांना एकसुद्धा नाही.

मुलगा मिहीर अमेरिकन फुटबॉल खेळायचा. रनिंग बॅक. म्हणजे चेंडू काखेत घट्ट धरायचा आणि शंभर-शंभर किलोचे अकरा जण अंगावर येत असताना त्यांच्यातूनच पळायचं. शहाण्या माणसाचं काम नव्हे. शाळेत नाद लागला, कॉलेजात नाव काढलं, मग नोकरी सांभाळून ओसाकाच्या एका कंपनीच्या संघात. ही सगळी कारकीर्द काकू हाडांवरून सांगायच्या. "कॉलरबोन मोडलं ते कॉलेजचं दुसरं वर्ष. गुडघा गेला तो नोकरी लागली तेव्हा."

जपानात घराचं काम काढलं, की लोक आधी शेजाऱ्यांकडे खाऊचा डबा घेऊन जातात. त्रास होईल, सांभाळून घ्या म्हणून. तीस वर्षं इथे काढलेल्या काकूंनी ही रीत थेट मैदानावर नेली. समोरच्या संघाची बस आली की काकू बसच्या दारात हजर. एकेका धिप्पाड पोराच्या हातात लाडू, आणि कमरेत वाकून "योरोशिकू ओनेगाइशिमास," म्हणजे सांभाळून घ्या.

मिहीर लाजेने अर्धमेला व्हायचा. "आई, मी तुडवायला चाललोय त्यांना!"

"म्हणूनच रे. त्रास आपण देणार, आधी सांगितलेलं बरं."

मी पोट धरून हसायचे. एकदा चेष्टेत विचारलं, "काकू, लाडू खाऊन ते हळू पाडतात का हो?" काकूंचा चेहरा असा काही उतरला, की माझी मलाच लाज वाटली. त्यांना खरंच तशी आशा होती.

काका गेल्यापासून सामन्याला त्यांच्या शेजारी बसायचं काम माझ्याकडे आलं. आठवडाभर बँकेत राबून रविवारी जरा लोळावं, तर हे! चेंडू मिहीरकडे गेला की काकू डोळे मिटून माझं मनगट धरायच्या. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज यायचा.

"उठला का गं?"

"उठला."

मग डोळे उघडायच्या. पहिल्या वर्षी मला मजा वाटली. पुढे पुढे शनिवारपासूनच मलाही सामन्याची धास्ती वाटायला लागली.

या हंगामानंतर सोडतो, असा शब्द मिहीरने दिला होता. जिन्यात भेटल्या की काकू सांगायच्या, चारच उरले, तीनच उरले. शेवटच्या सामन्याला त्यांनी दुप्पट लाडू केले. पंचावन्न नंबरच्या एका पोराने उभ्याउभ्या चार खाल्ले आणि वर अजून आहेत का म्हणून विचारलं. काकू खूश. "हा काही जोरात पाडायचा नाही, बघ."

त्यानेच पाडलं. चूक नव्हती त्याची, सगळं नियमात होतं. मिहीर डोकं खाली घालून घुसला आणि हा समोरून आला.

"उठला का गं?"

मिहीर पडूनच होता.

काकूंनी डोळे उघडले नाहीत. मनगट मात्र आणखी आवळलं. "सांग ना गं!"

हॉस्पिटलात मिहीरला मान तपासायला आत नेलं. पाय हलत नव्हते. चार महिन्यांनी तो काठी टेकत का होईना चालला, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं? बाकावर आम्ही दोघीच. 

तेवढ्यात पंचावन्न नंबर आला, मैदानातल्याच मळक्या कपड्यांत. काकूंसमोर वाकला तो वर येईचना. रडत होता. मला वाटलं, आता काकू याला फाडून खाणार. मी तरी सोडलं नसतं.

"तुझी आई आली होती सामन्याला?" काकूंनी जपानीत विचारलं.

नाही म्हणाला. तिला बघवत नाही, सामना संपेपर्यंत घरी फोनपाशी बसते.

"लाव फोन."

फोन कानाला लावून काकू बसल्याबसल्याच वाकल्या. "तुमचा मुलगा माझ्यासमोर उभा आहे. कुठेही लागलेलं नाही. घरी आला की आधी जेवायला घाला." पलीकडची बाई रडत होती, ते मलाही ऐकू आलं. काकू नुसत्या "हाइ, हाइ", हो हो, म्हणत राहिल्या.

फोन परत देऊन त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता 'उठला' म्हणून मला कोण सांगणार गं?"