परिशिष्ट क आणि सोळा दांपत्ये

तुम्ही सल्ला कुणाला देता? जावेला, सुनेला, फार तर कॉलनीच्या अध्यक्षाला. मी एका अख्ख्या देशाच्या सरकारला दिलाय!

हसू नका. परभणीत, वसमत रोडच्या आमच्या घरी, देवघराशेजारच्या खोलीत बसून दिलाय. समुद्रापलीकडचा छोटासा देश आहे. नाव सांगणार नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे, आणि मी कलम सोमवारासारखं पाळते.

एकतीस वर्षं मी सरकारी नोकरीत लेखाधिकारी होते. निविदा, दरपत्रकं, खरेदी समिती, लेखापरीक्षण, सगळं या हातांखालून गेलं. निवृत्तीच्या दिवशी माझ्या नावावर एकही लेखा आक्षेप बाकी नव्हता! अशी माणसं आता माळढोकाइतकीच उरलीत. म्हणून तर दिल्लीच्या एका सल्लागार संस्थेनं मला शोधून काढलं. त्या देशानं सरकारी खरेदीचा नवा कायदा केला होता आणि त्याची नियमपुस्तिका लिहून हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले, तेव्हा महादेवाला विचारलं. महादेवानं नाही म्हटलं नाही.

आमच्या यांनी मात्र म्हटलं. यांचं नाव शिवप्रकाश, गावात भांड्यांचं दुकान आहे.

"तू? सरकारला सल्ला? अगं, तुझा आवाज सैपाकघरातून बैठकीत येत नाही. समुद्रापार कसा जायचा?"

"लिहून जाईल," मी म्हटलं.

आणि गेला! दोनशे बारा पानं!

तिथल्या खरेदी विभागाचे संचालक जोनास म्हणून आहेत. भले गृहस्थ. व्हिडिओवर पहिल्याच भेटीत त्यांनी दुखणं सांगितलं. "मॅडम, निविदा निघते तेव्हा ठीक असते. मग कुणीतरी आपल्या माणसासाठी त्यातला एखादा शब्द बदलतं."

मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. म्हटलं, साहेब, फिकीर करू नका. आणि असा बंदोबस्त केला की मुंगी आत शिरायची नाही! निविदेच्या नमुन्यातलं एक अक्षर कुणी बदलायचं नाही. नमुना संगणकात कुलूपबंद. पहिल्या पानावर मुख्य वस्तूचं नाव आणि संख्या भरायची, तेवढीच जागा उघडी. सोबत लागणाऱ्या बाबी परिशिष्ट 'क'मध्ये. पुरवठादारानं त्यातली एक जरी बाब सोडली तरी त्याची निविदा बाद. आणि शुद्धिपत्रक काढायचं झालंच तर खरं कारण लिहायचं, चूक ज्याची त्याच्या सहीनं. 'तांत्रिक कारणास्तव' या दोन शब्दांवर मी कायमची बंदी घातली. एकतीस वर्षांत या दोन शब्दांखाली काय काय पुरलेलं पाहिलंय, ते माझं मला माहीत.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती.

पण कोरा फॉर्म कुणाला कळतो का हो? आमच्या कार्यालयात कोरा फॉर्म दिला की माणूस तो उलटा धरून वाचायचा. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक परिशिष्टात उदाहरण भरून द्यायचं. तेव्हा माझे सोळा सोमवार चालू होते आणि डोक्यात उद्यापनाची यादी घोळत होती, प्रसादापासून आम्हा लिंगायतांच्या गुरूंपर्यंत. परिशिष्ट क उघडलं आणि हात आपोआप चालला.

'चुरमा: गव्हाचे पीठ, गूळ व साजूक तुपाचा. कोरडा नसावा.'

'बेलपत्र: १०८ नग. त्रिदळ, ताजे, छिद्ररहित.'

'दांपत्य: १६ नग. जोडीने उपस्थिती बंधनकारक.'

'जंगमस्वामी: १ नग. पर्यायी वस्तू स्वीकारली जाणार नाही.'

वाचून मलाच भरून आलं. काय ती तपशिलाची शिस्त! वर लाल अक्षरात 'नमुना' लिहिलं, नमस्कार केला आणि पाठवून दिलं.

जून उजाडला. नव्या कायद्याखालची पहिली निविदा निघणार होती. एकशेवीस शाळांसाठी एकशेवीस हातपंप. त्या शाळांत पाणीच नव्हतं, पोरं घरून बाटल्या भरून आणायची. त्यांचं आर्थिक वर्ष तीस जूनला संपतं. तोवर पुरवठ्याचा आदेश निघाला नाही तर मंजूर पैसा तिजोरीत परत आणि पोरांच्या हातात पुन्हा वर्षभर बाटल्या. आपल्याकडच्या मार्चची जात तीच, महिना तेवढा वेगळा.

निविदेच्या आदल्या दिवशी जोनाससाहेबांची मेल आली. "मॅडम, आता ही खरी निविदा आहे. तेव्हा वरचा 'नमुना' हा शब्द काढू का?"

बघा माणसाची शिस्त! एका शब्दासाठी परवानगी! मी ताठ मानेनं उत्तर धाडलं, "तेवढाच काढा. बाकी एका अक्षराला हात लावू नका."

त्यांनी लावला नाही.

निविदा भरायच्या आधी पुरवठादारांच्या शंका ऐकायची बैठक असते. ती व्हिडिओवर ठेवली होती, नेमकी सोमवारी, आपल्या घड्याळात साडेअकराला. मी पूजा आटोपून, कपाळी भस्म लावून, उपाशीपोटी लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर अकरा कंपन्या! एरवी तिथं दोन यायच्या म्हणे. माझी छाती कुकरच्या झाकणासारखी वर आली.

"एकूण त्रेचाळीस शंका आल्यात," जोनाससाहेब म्हणाले. "त्यातल्या एक्केचाळीस परिशिष्ट 'क'बद्दल आहेत."

मला वाटलं, बघा, किती बारकाईनं वाचलंय!

पहिल्या कंपनीचे इंजिनिअर उठले. "सोळा दांपत्यं आम्ही आणायची, की विभाग पुरवणार?"

कुकरची शिट्टी तिथंच उडाली. मी निविदेचं ते पान उघडलं. परिशिष्ट क. माझं. जसंच्या तसं!

"दांपत्यांना वॉरंटी किती वर्षांची द्यायची?" दुसऱ्यांनी विचारलं.

"पानाला छिद्र नाही हे कोणत्या प्रयोगशाळेतून तपासून आणायचं?" तिसरे.

चौथ्या कंपनीचे एक उंच गृहस्थ होते. त्यांनी जाडजूड फाईल कॅमेऱ्यासमोर धरली. "आम्ही सोळा विवाह प्रमाणपत्रं साक्षांकित करून आणलीत. त्यातल्या दोन जोडप्यांचं सध्या पटत नाही. चालेल का?"

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आधीच माझा आवाज तो केवढा! तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धम्मा. वय ब्याऐंशी, आवाज पिंगळीच्या स्टेशनावर न थांबणाऱ्या गाडीसारखा.

"काय म्हनायलेत गं ही मान्सं?"

मी हळूच सांगितलं.

"पटत न्हाई? मग नगं म्हनावं! पंगतीला एकमेकाकडं पाठ करून बसतील आन् सगळ्या उद्यापनाचा इस्कोट करतील!"

जोनाससाहेब अदबीनं म्हणाले, "या कोण?"

"माझ्या सासूबाई. या विषयात माझ्याहून जाणत्या आहेत."

तिथल्या लिपिकानं काहीतरी लिहून घेतलं. मग पाचवे इंजिनिअर म्हणाले, "चुरमा कोरडा नसावा असं आहे. पण कोरडेपणाचं माप दिलेलं नाही."

"आता काय म्हनतोय?" आत्याबाई.

"चुरमा कोरडा आहे हे ओळखायचं कसं, विचारतात."

"इतकं येत न्हाई व्हय? मूठ वळून बघ म्हनावं. वळली तर बरूबर. न्हाई वळली तर तूप कमी!"

आणि शंकेला उत्तर द्यायच्या एकतीस वर्षांच्या सवयीनं मी ते भाषांतर करून सांगितलंसुद्धा! तुम्हाला काय सांगू, त्या पडद्यावर अकरा कंपन्यांचे अकरा इंजिनिअर आपापली मूठ वळून बघायला लागले!

"अतिशय वस्तुनिष्ठ कसोटी आहे," जोनाससाहेब म्हणाले.

मी हात जोडले, दहा मिनिटं मागितली आणि कॅमेरा बंद केला. हे तेवढ्यात दुकानातून आले होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वा!" हे म्हणाले. "लोक परदेशात लोणचं पाठवतात. तू अख्खं उद्यापन पाठवलंस!"

"थट्टा करू नका हो. मी निविदा रद्द करा म्हणून सांगते."

"कर की मग."

"रद्द केली तर दुसरी तीस तारखेच्या आत निघत नाही. पैसा परत जाईल. पंप गेले."

यांचं हसू गेलं. "आन् ती शाळेतली पोरं?"

माझं नाव जाईल ते जाईल, पण माझ्या चुरम्यापायी एकशेवीस शाळा तहानलेल्या राहायच्या!

आत्याबाई कॉटवर टेकल्या. "पोरी, पंगतीत कुनाच्या ताटात उपासाच्या दिवशी कांद्याची भाजी पडली तर आपून काय करतो?"

"ताट बदलतो."

"पंगत उठवतो का?"

खरंच की! अख्खी निविदा कशाला रद्द करायची? परिशिष्ट क तेवढं बदलायचं! निविदा उघडायच्या आत शुद्धिपत्रक निघालं तर चालतं. नियम बावीस. मीच लिहिलेला!

"लिही मग पटकन," हे म्हणाले. "कारण टाक, तांत्रिक कारणास्तव."

"त्यावर बंदी आहे."

"कोन घातली?"

"मी."

हे खाली बसले. "म्हणजे आता खरं लिहावं लागणार?"

"माझ्या सहीनं. तिथल्या राजपत्रात."

"लिहू नको, त्रिवेणी. तिथं कोन बघायला येतंय? संगणकाची चूक झाली म्हण. संगणक काय तकरार करायचा नाही."

मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण ज्या तळहातावर सकाळी महादेव होता, त्याच हातानं सही करायची होती. मी कॅमेरा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या कमलबाई खिडकीत आल्या.

"साहेब, परिशिष्ट क ही माझी चूक आहे. ते माझ्या घरच्या व्रताचं उदाहरण होतं. मी न बघता कुलूप लावायला सांगितलं. आजच शुद्धिपत्रक काढूया."

जोनाससाहेबांनी ते परिशिष्ट पुन्हा एकदा उघडून बघितलं.

"म्हणजे," जोनाससाहेब सावकाश म्हणाले, "दांपत्यं नकोत?"

"नकोत."

उंच गृहस्थांचा चेहरा पडला. "मॅडम, ती दोन जोडपी सोडली तर बाकी चौदा अगदी उत्तम होती हो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या राजपत्रात, पान तीनवर छापून आलं: 'शुद्धिपत्रक क्रमांक १. परिशिष्ट क वगळून त्याजागी हातपंपाचे सुटे भाग वाचावे. कारण: सल्लागार श्रीमती त्रिवेणी यांनी अनवधानाने स्वतःच्या घरच्या धार्मिक कार्याची यादी जोडली.' खाली माझी सही. एकतीस वर्षांत एक आक्षेप नाही, आणि परदेशात पहिल्याच निविदेत कबुलीजबाब!

पण पुढचं ऐका! या विचित्र निविदेची बातमी आधीच तिथल्या वर्तमानपत्रांत आली होती, गावोगाव चर्चा झाली होती, म्हणून तर बैठकीला अकरा जण आले होते. अकराच्या अकरा कंपन्या टिकून राहिल्या. दोघं असले की आपसांत ठरवून घेतात; अकरा जण कसे ठरवणार? दर असा खाली आला की अंदाजपत्रक लाजलं! सत्तावीस जूनला आदेश निघाला. पैसे उरले, त्यात आणखी नऊ शाळांचे पंप त्याच आदेशात बसले. आपसांत न पटणारी जोडपी आणणाऱ्या त्या उंच गृहस्थांनाच काम मिळालं. त्यांच्या पंपांचं मात्र पाण्याशी छान पटतं.

जोनाससाहेबांनी फोटो पाठवला. एक मुलगी दोन्ही हातांनी दांडा दाबतेय, तिच्या पायाशी पाण्याची धार. मी तो फोटो देवघरासमोर नेऊन धरला. यांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला. तांब्या घ्यायला आलेल्या माणसाला पंप बघूनच जावं लागायचं! "आमच्या घरातून बसवलेत," म्हणायचे. आत्याबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं.

"पानी गोड हाय का इचार."

विचारलं. गोड आहे.

आणि परवा मोठा लिफाफा आला. त्या देशाच्या संसदेनं खरेदीच्या कायद्यात दुरुस्ती केलीय, तिची प्रत मला मानानं पाठवली. नवं कलम, अठ्ठेचाळीस अ! माझ्या कामामुळं! परभणी जिल्ह्यातल्या कुणा बाईमुळं एखाद्या देशाच्या कायद्यात कलम वाढलंय? असेल तर सांगा! मी आत्याबाईंना, यांना, कमलबाईंना समोर बसवलं आणि मोठ्यानं वाचलं: 'नमुना परिशिष्टे पूर्णपणे कोरी असावीत. त्यात कोणतेही उदाहरण भरू नये.'

इथंच थांबायला पाहिजे होतं. पण मी लेखाधिकारी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. कलम लोकांना नीट कळावं म्हणून त्यांनी खाली एक उदाहरण दिलंय.

चुरमा, बेलपत्र, सोळा दांपत्यं, एक जंगमस्वामी. अख्खं, भरलेलं.