कोंबडीची निर्दोष मुक्तता

कामात चूक झाली की ती कोणाची हे आधी ठरवावं आणि काय चुकलं ते मग सवडीने शोधावं, हा उत्तम कारभाराचा पाया आहे. (छत गळतं, ते वेगळ्या कारणाने.)

अंडी उबवणी केंद्रातल्या मावशी बावीस वर्षं एका दिवसाच्या पिल्लाचा पंख बोटाने उलगडून नर की मादी ते सांगत आल्या होत्या. शंभरात पन्नास नर निघत. साहेबांना हव्या होत्या अंडी देणाऱ्या कोंबड्या. त्यांना ही निव्वळ बेशिस्त वाटली. परिपत्रक निघालं: महिनाअखेर माद्या सत्तर टक्के न झाल्यास निवडणारी व्यक्ती बदलण्यात येईल.

"अहो साहेब, मी पिल्लं निवडते, घडवत नाही!" मावशी म्हणाल्या. घर त्यांच्याच पगारावर चालायचं.

रीतसर समिती बसली. संशय अर्थातच अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर. अकरा कोंबड्यांची तडकाफडकी बदली झाली. नव्यांच्या कारकिर्दीत नर एकोणपन्नास निघाले. (समितीने स्वतःचं अभिनंदन केलं.) पुढच्या आठवड्यात एक्कावन्न निघाले, तेव्हा नाइलाजाने जाणकाराला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, बोलावलं.

"कोंबड्याकडून दरवेळी एकाच प्रकारचं गुणसूत्र येतं," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीकडे दोन प्रकारची असतात. त्यातलं कोणतं अंड्यात जातं, त्यावर नर की मादी ते ठरतं."

म्हणजे कोंबडीच! समितीने बदलीचे कागद पुन्हा पुढे ओढले. साहेब मात्र विरघळले. "छे छे, त्या बिचारीला काय बोलायचं? तिच्या हातात थोडंच असतं ते?" कोंबडी एकमताने निर्दोष ठरली आणि परिपत्रक मागे घेतलं गेलं.

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या भरात त्यांनी विचारलं, "आणि डॉक्टर, माणसांत हो?"

"माणसांत उलट. बापाकडून ठरतं."

मावशींना तीन मुली. तिसरीच्या वेळी सासूबाईंनी सहा महिने बोलणं टाकलं होतं. मावशींना संताप आला, मग इतकं हसू आलं की हातातलं पिल्लू दचकलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हा विषय समितीच्या कक्षेबाहेर असल्याची नोंद झाली.

मावशींनी कोंबडीला निर्दोष ठरवणाऱ्या अहवालाची एक प्रत सासूबाईंसाठी मागून घेतली. वाचकांनाही मिळेल. अर्जात रकाना एकच आहे: शेजारी मुलगी झाली तेव्हा 'असू दे, पुढच्या वेळी मुलगा होईल' असं म्हणून आपण समजूत कोणाची घातलीत, आईची की बापाची?