चालून दाखवा

दोष तुमचा आहे, साहेब. नगरला पेपरच्या ऑफिसात एसीखाली बसून बाईला काय विचारायचं ते तुम्ही ठरवता, आणि भर दुपारी परक्या अंगणात तोंडघशी पडतो तो आदिनाथ.

"बाई असली की वय, शिक्षण, स्वयंपाक, लग्न," तुम्ही फोनवर बजावलं होतंत. "वाचकाला तेच लागतं. जमवलंस तर रविवारचं पान तुझं. नाहीतर आहेतच वाढदिवसाच्या जाहिराती."

वाढदिवसाच्या जाहिराती लिहून आदिनाथचा जीव आंबला होता. म्हणून तो कोपरगावच्या पुढं, उसावर ड्रोननं फवारणी करणाऱ्या अश्विनीच्या दारात जाऊन बसला. पेपरवाला येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडेपर्यंत कुणाला शंकाही नव्हती.

"वय?"

"सव्वीस."

"शिक्षण?"

"बीएस्सी ॲग्री."

"स्वयंपाक येतो का?"

तांदूळ निवडणारी चुलती बनुबाई थांबली.

"लग्नानंतर हे काम चालू ठेवणार?"

बनुबाई उठून आत गेली आणि फोडणीचा वास आला. वडील पुंजारामांनी टोपी काढून झटकली, नीट बसवली.

"पाव्हनं, गाव कोनतं म्हनला?"

"श्रीगोंदा."

"शेती?"

"तीन एकर ऊस."

माणसं मोकळी व्हायला लागली, आदिनाथला वाटलं. त्याला हुरूप आला. मोबाईल काढून तो अश्विनीला म्हणाला, "मॅडम, दारापासून गोठ्यापर्यंत जरा चालून दाखवा. व्हिडिओ घेतो."

बनुबाई पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली ती विजयी मुद्रेनंच. "बघा भावजी, मला तवाच वाटलं. पेपरचं निस्तं निमित्त हाय. आजकाल पोरं आशीच गुपचूप बघून जात्यात."

पुंजारामांनी मेहुण्याला फोन लावला. "बिभीषण, हायेस तसा निघून ये." कुंपणाशी शेजारच्या बायका जमल्या. बिभीषणमामा आला तो टॉवेल-टोपी घेऊनच. टोपी डोक्यावर बसली तेव्हा कुठं आदिनाथच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, मी मुलाखतीला आलोय."

"मग सैपाक कशाला इचारला?" बनुबाई म्हणाली. "आमच्या सुलीला बघाया आल्ते, त्यांनीबी हेच इचारलं. ह्याच क्रमानं. चालायबी लावलं."

अश्विनी पुढं झाली.

"खरंच पेपरवाले असाल," ती म्हणाली, "तर ड्रोनवर एक तरी प्रश्न विचारा."

तुम्ही ड्रोनवर एकही प्रश्न दिला नव्हता. टोपीखाली घाम फुटला. शेवटी त्यानं जे खरंच मनात आलं तेच विचारलं. "पहिल्यांदा उडवला तेव्हा काय झालं?"

अश्विनी खाली बसली. "पडला. मधल्या उसात. मी भ्यानं घरी सांगितलंच न्हाई. सकाळी बघते तर बाबा घेऊन आलेले. घोंगडीत गुंडाळून. आजारी वासरू आनावं तसा."

पुंजाराम गोठ्याकडं बघू लागले.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" आदिनाथनं त्यांना विचारलं.

"काय बोलायचं? बैलबी पयल्या दिशी सरळ चालत न्हाई."

मग दिवस कलेपर्यंत बोलणं चाललं. पोहे त्यानं दोनदा घेतले. टोपी परत करायला गेला तर मामा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. कामाचा मानूस हाय, हे आत्ता कळलं."

त्यानं मुलाखत लिहून पाठवली आणि रात्री तुमचा मेसेज आला. "छान. पण स्वयंपाक कुठंय? लग्न कुठंय? टाक, मग रविवारी लावतो."

वाढदिवसाचे हसरे चेहरे आदिनाथच्या डोळ्यांपुढून गेले. तरी त्यानं लिहिलं, "साहेब, मागं तुम्ही मला कारखान्याच्या चेअरमनकडं पाठवलं होतं. त्यांना भाकरी थापता येते का, लग्नानंतर चेअरमनकी कशी झेपते, हे विचारायचं राहिलं. त्यांना चालूनही दाखवायला लावलं नाही. उद्या जाऊन येऊ का?"

मेसेजवर निळ्या खुणा कधीच उमटल्या आहेत. वाचलंत ना, साहेब? मग उत्तर द्या.