रंगरावांचा सातासमुद्रापारचा यमन

"आज अमेरिकेला यमन ऐकवणार!" रंगरावांनी ही बातमी सकाळीच दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत अख्ख्या कर्वेनगराला देऊन टाकली.

रंगरावांनी आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं, तेही मोठमोठ्या मैफिलींत, पण साथीला! टाळ्या गवयाला, यांना नारळ. त्यांची हक्काची श्रोती एकच, लेक नम्रता. ती रोज संध्याकाळी समोर सतरंजीवर बसायची. घरचा नियमच होता, गज खाली ठेवेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पुढे ती सॉफ्टवेअरवाली होऊन कॅलिफोर्नियाला गेली. फोनवर बोलणं व्हायचं ते तब्येत आणि थंडी एवढंच. समोरची रिकामी सतरंजी रंगरावांना बघवत नसे, म्हणून ते डोळे मिटूनच वाजवू लागले.

आता नम्रताच्या कंपनीनं कॉम्प्युटरवरून बोलायचा नवा प्रोग्रॅम काढला होता. "बाबा, त्यातला गोंगाट कापायचं काम माझं!" तिनं अभिमानानं सांगितलं होतं. "पंखा, रिक्षा, काही ऐकू येणार नाही!"

रविवारी संध्याकाळी रंगराव इस्त्रीचा झब्बा घालून कॅमेऱ्यासमोर बसले. पडद्यावर लेक दिसली. आपलाच सूर उलटा कानावर येऊन घोळ नको, म्हणून त्यांनी स्पीकर बंद केला.

"अहो, तिला काही सांगायचं असलं तर?" विमलाबाईंनी विचारलं.

"श्रोत्यानं सांगायचं नसतं, ऐकायचं असतं."

"म्हणजे माझा संसार मैफिलीतच झाला म्हणायचा!" म्हणत विमलाबाई स्वयंपाकघरात गेल्या.

रंगरावांनी षड्ज लावला. जरा वेळानं डोळे किलकिले करून पाहतात, तो नम्रता दोन्ही हात हलवत होती. दाद! अमेरिकेत जाऊनही पोरीचा कान शाबूत! मग तिनं कानाला हात लावला. पोरीनं गुरूंचं स्मरण केलं! रंगरावांनी भक्तिभावानं आपल्याही कानाची पाळी धरली आणि दुप्पट जोमानं गज ओढला.

तेवढ्यात आतून तोफ सुटली. "अहो, ही कोथिंबीर आणलीत की गवत? भाजीवाला तुम्हाला बघून हसत असेल!"

रंगराव चडफडले. पण पडद्यावर नम्रता हसली, आणि बघता बघता डोळे पुसू लागली. रंगरावांना भरून आलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्यांनी त्या यमनात ओतलं. मग गज खाली ठेवून स्पीकर लावला.

"कसा झाला?"

"बाबा, एक सूरही नाही आला! किती खुणा केल्या मी! लांबलेला सूर म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला पंख्याची घरघर वाटते. तो फक्त माणसांचं बोलणं सोडतो."

रंगरावांचा चेहरा पडला. "मग रडत का होतीस?"

"आई तुम्हाला कोथिंबिरीवरून बोलत होती ना, ते ऐकून. एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाबा, तिला म्हणा ना, परत एकदा!"

रंगरावांना फार वाईट वाटलं. पण लेकीचा रडवेला चेहरा बघून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अगं, बाहेर ये. तुला वन्समोअर आलाय."

"मला? मी काय बोलू?"

"काहीही. मला चार शब्द सुनाव म्हणजे झालं."

विमलाबाईंनी पदर खोचला. रियाज दांडगा होता. जेवणं खोळंबली तरी मैफल काही संपेना!