वझेकाकांचे एकोणीस बहुरूपी

मुलुंड पूर्वेच्या तमाम सुजाण नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर एकूण एकोणीस बहुरूपी तपासण्यात आले आणि एकोणीसच्या एकोणीस नापास झाले. पैकी एकाचा निकाल नंतर फिरवावा लागला, त्याची हकीकत खाली दिली आहे. तपासणी अधिकारी : श्री. श्रीकृष्ण वझे, वय अडुसष्ट. साक्षीदार : शेजारच्या दारातला अस्मादिक.

बहुरूपी म्हणजे कोण, ते आधी सांगतो. तळहाताहून जरा मोठं, दोन्ही बाजूंना बटणं असलेलं एक खेळयंत्र मिळतं. त्यावर तीसेक वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम खेळता येतात. पण जुने गेम जुन्याच यंत्राचं ऐकतात, म्हणून या नव्या यंत्रात एक प्रोग्राम घालतात. तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो आणि गेम फसतो. त्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. एकाच यंत्राची सोंगं घेणारे असे ढीगभर एम्युलेटर आहेत आणि त्यातला कुठला चांगला, यावरून जगभरातली चांगली घोडी झालेली माणसं एकमेकांची अक्कल काढत असतात.

वझेकाका त्यांना बहुरूपी म्हणतात. मला म्हणाले, "सदा, बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो. टोपी, शिट्टी, मिशी, सगळं झकास. पण चपला त्याच्या स्वतःच्या असतात. मी चपला बघतो."

काकांनी सगळी हयात भांडुपच्या एका कारखान्यात विजेचे मीटर तपासण्यात घालवली. मीटर गेले, तपासणी राहिली. काका कोथिंबिरीची जुडी तपासतात. लिफ्ट तळमजल्यावरून दुसऱ्यावर किती सेकंदांत येते ते घड्याळ लावून बघतात आणि एक सेकंद जास्त लागला तर आत असलेल्या माणसाकडे संशयाने पाहतात. माझ्याकडच्या सत्यनारायणाचा प्रसाद त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि भटजींसमोर म्हणाले, "केळं कमी. नापास." तिसऱ्या मजल्यावरचे सामंत गेले तेव्हा सगळे रडत होते आणि काका वाकून तिरडीच्या गाठी ओढून बघत होते. दोन गाठी नापास झाल्या. त्यांनी स्वतः पुन्हा बांधल्या. सामंतांचा शेवटचा प्रवास तरी न डगमगता झाला.

तर अशा माणसाने एके दिवशी खेळयंत्र मागवलं आणि मला साक्षीदार नेमलं. कारखान्यात दोन सह्यांशिवाय अहवाल पुरा होत नसे, म्हणून इथेही होणार नव्हता. बाहेरच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसायचो. गेम कायम एकच. डोक्यावर पेटी घेतलेला एक ठेंगू माणूस खड्डे ओलांडत धावतो. त्याचं नाव जपानी अक्षरांत होतं आणि ते वाचणारा मुलुंडात कोणी नव्हता, म्हणून आमच्या मजल्यावर त्याला पूर्वीपासून 'हमाल' म्हणतात. काका बटण दाबायचे, कान लावायचे, लिहायचे. क्रमांक चार : उडी अंमळ उशिरा, नापास. क्रमांक नऊ : आवाज डब्यात तोंड घातल्यासारखा, नापास. क्रमांक अकरा : बंद करताना 'नक्की जाता?' असं विचारतो, आगाऊ, नापास.

मी सही करायचो आणि घरी येऊन अहवालाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो. लोक पोट धरून हसायचे. सेक्रेटरीने तर पाण्याच्या टाकीचा प्लंबर काकांकडूनच पास करून घ्यावा असा ठरावही सुचवला. माझी अशी करमणूक पुष्कळ दिवसांत झाली नव्हती.

क्रमांक चौदाच्या दिवशी दुपारी काका म्हणाले, "आज साक्ष आत लागेल."

आतल्या खोलीत सुलभाकाकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. काकूंना विस्मरणाच्या आजाराचं चौथं वर्ष चालू होतं. मला त्या कधीच विसरल्या होत्या, यात नवल नाही. पण त्या काकांनाही विसरल्या होत्या. जन्मभर घरात ऐकलेल्या शब्दांपैकी मीटर हा एक कुठेतरी अडकून राहिला होता, तेवढ्या आधारावर त्या नवऱ्याला मीटरवाले म्हणायच्या. "मीटरवाले, रीडिंग झालं ना? मग बसलात कशाला?" असं दिवसातून चार वेळा. काका दर वेळी उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

याच काकू एके काळी हमाल खेळण्यात मजल्याच्या राणी होत्या. टीव्हीला जोडायचं गेमचं खोकं काकांनी आणलं होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की नवराबायको जमिनीवर बसायचे. नियम एकच : जो आधी पडेल त्याने चहा टाकायचा. काका पहिल्या खड्ड्यात पडायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि वर्षानुवर्षं काकांच्याच हातचा चहा प्यायलोय. काकू मात्र शेवटच्या पुलापर्यंत जायच्या. पुलावर एकदम दहा-बारा वटवाघळं येतात. तिथे चित्र लुकलुकायचं, खोकं धापा टाकायचं आणि काकू अंगठ्याच्या तीन झटक्यांत पलीकडे. आम्ही दारात उभं राहून बघायचो.

काकांनी मला तेव्हा खालच्या आवाजात सांगितलं ते असं. काकूंच्या हातात टीव्हीचा रिमोट दिला की त्यांचा अंगठा आपोआप तोच पूल ओलांडू लागतो, हे काकांना दिसलं होतं. डोक्यातलं सगळं गेलं होतं, अंगठ्यातलं राहिलं होतं. तेही जाणार, फक्त कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिला एकदा तो पूल ओलांडू द्यायचा, एवढंच काकांना हवं होतं.

काकूंनी यंत्र हातात घेतलं. पाठ सरळ झाली. सगळे खड्डे त्यांनी लीलया पार केले. पुलावर अंगठ्याने तीन झटके दिले, आणि हमाल दुसऱ्या झटक्यालाच खाली गेला. काकूंनी परत खेळून पाहिलं. परत तेच. मग त्यांनी यंत्र चादरीवर ठेवलं, अंगठा पदराखाली लपवला आणि रडायला लागल्या. "मीटरवाले, हे माझं नाही," म्हणाल्या.

काकांनी लिहिलं, नापास. मी सही केली. घरी येऊन ग्रुपवरचे सगळे फोटो काढून टाकले. सेक्रेटरीने विचारलं, काय रे, मालिका बंद का केलीस? मी टाकीच्या प्लंबरचं काय झालं ते विचारलं.

क्रमांक एकोणीस हा सर्वांत अस्सल. जाणकारांच्या मते मूळ जपानी यंत्रात आणि त्याच्यात केसाचाही फरक नाही. काकांनी चार दिवस चपला शोधल्या, सापडल्या नाहीत. आत नेला. काकू पडल्या. त्या दिवशी त्या रडल्याही नाहीत, नुसत्या भिंतीकडे वळल्या. काकांनी अहवालावर पेन टेकवलं. "सदा, यंत्रात दोष नाही रे," ते म्हणाले. "सुलभा नापास असं लिहू का?"

त्या अहवालावर मी सही केली नाही.

पुढचं झालं ते माझ्या आगाऊपणामुळे. म्हाताऱ्याला जरा हसू यावं म्हणून मी घरातली एक जुनी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. कोजागिरीची गाणी, वझ्यांच्याच घरी भरलेली. माझी आई बेसूर गात होती, बायका हसत होत्या. काकांनी हात वर केला. आईच्या मागे, आतल्या खोलीतून, हमालाची धून येत होती.

काकांनी घड्याळ काढलं. कॅसेटवर धून अठ्ठेचाळीस सेकंदांत फिरत होती. एकोणीस नंबरवर चाळीस. मी म्हटलं, टेपरेकॉर्डर म्हातारा झालाय, हळू फिरत असेल. काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. कॅसेटमध्ये त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही होती, आणि ते घड्याळ आजही तिथेच होतं. दोन्ही टिकटिकी त्यांनी ताडून पाहिल्या. टेप बरोबर चालत होता.

काकांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, "आपलं खोकंच नकली होतं रे. त्या काळी अस्सल इथे मिळत कुठे होतं? आपल्या टीव्हीवर ते हळू चालायचं. मी बसलो अस्सल शोधत, आणि तिचा अंगठा बसलाय नकलीवर."

म्हणजे आता हवा होता सोंगाचं सोंग घेणारा. अस्सल फौजदाराचा उपयोग नव्हता, गावात फौजदार म्हणून वावरलेला बहुरूपीच पाहिजे होता. तसा एक होता, क्रमांक सात. त्याच्या पोटात, खूप खोलवर, नेमक्या असल्या नकली खोक्यांसारखं हळू चालण्याची सोय होती. पण क्रमांक सात नापास झालेला. नोकरीत काकांनी नापास मीटर कधी परत टेबलावर घेतला नव्हता. त्यांनी जुना अहवाल काढला, स्वतःचा शेरा खोडला, खोडल्याखाली सही केली आणि माझ्यापुढे सरकवला. लुकलुक घालवणारी सुधारणाही त्यांनी बंद केली. पुलावर खोक्याने धापा टाकायलाच हव्या होत्या.

यानंतर घडलं ते एकदाच घडलं, हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी काकांना रीडिंग झालं का असं विचारलं. महिन्याभरात अंगठ्यानेही डॉक्टरांचं म्हणणं खरं केलं. आता रिमोट हातात दिला तर अंगठा तसाच राहतो. यंत्र काचेच्या कपाटात आहे, काका आठवड्याला ते चार्ज करतात.

पण त्या दुपारी मी साक्षीदार होतो. काकू पुलावर आल्या. वटवाघळं आली, चित्र लुकलुकलं, धून अडखळली. अंगठ्याचे तीन झटके. हमाल पलीकडे उभा. काकूंनी मान वर केली नाही, यंत्र नुसतं डावीकडे धरलं, जिथे काका पूर्वी बसायचे. काका घाईघाईने त्या बाजूला जाऊन जमिनीवर बसले आणि त्यांनी ते घेतलं. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पहिल्या उडीलाच हमाल पडला. मुद्दाम पाडला असं कोणाला वाटेल, पण मी त्यांचा खेळ तीस वर्षं पाहतोय.

काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, इतकी वर्षं झाली, अजून पहिल्याच खड्ड्यात पडता. उठा आता, चहा टाका."