चार वाक्यांचा डॉक्टर

नाटकातलं काहीही मला विचारा! कॉलेजपासून आजपर्यंत, बावीस वर्षांत, एकोणीस नाटकं माझी तोंडपाठ झाली आहेत. नायकाची भाषणं, नायिकेचे हुंदके, नोकराचं 'आलो मालक', सगळं! एका अक्षराची चूक दाखवा, नाव बदलीन. आता एवढं पाठ असूनही मी एकाही नाटकात दिसलो नाही, ही गोष्ट वेगळी. मी प्रॉम्प्टर.

कॉलेजात पहिल्याच निवडीला मी स्टेजवर उभा राहिलो. ओठ हलत होते, पण घशातून आवाज फुटेना. नाटक बसवणारे सर म्हणाले, "याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. याला वही देऊन विंगेत बसवा."

बसलो तो बसलोच! नोकरी लागली, तर ऑफिसच्या नाट्यमंडळातही विंगेतलं स्टूल माझी वाट बघत होतं. घोटाळा काय तो एकदाच झाला. वहीची दोन पानं एकदम उलटली आणि सासरेबुवा मरायच्या आधीच त्यांची शोकसभा झाली. बिचारे खुर्चीत बसून ऐकत होते! पण माझी कुजबुज म्हणजे कुजबुज. नटाच्या कानात जायची नि तिथेच जिरायची. प्रेक्षकांना पत्ताही नाही! याचा मला भारी अभिमान.

दुःख एकच. लग्न झाल्यापासून बायको दरवर्षी धाकट्या बहिणीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसते. मेहुणी विचारते, "भाऊजी कुठायत गं?" आणि ही विंगेच्या काळ्या पडद्याकडे बोट दाखवते. अठरा वर्षं पडद्याकडेच बोट! मरायच्या आधी एकदा तरी तिने स्टेजवरच्या माझ्याकडे बोट दाखवावं, असं मला फार वाटायचं.

या वर्षी डॉक्टरचं काम करणारा भांडारपाल प्रयोगाच्या आदल्या दिवशी जिन्यावरून घसरला आणि खऱ्या डॉक्टरच्या ताब्यात गेला. दिग्दर्शक धावत माझ्याकडे आले.

"चारच वाक्यं आहेत. तुम्हाला पाठ आहेत!"

"मला सगळ्यांचीच पाठ आहेत," मी ऐटीत म्हणालो आणि घरी येऊन दोनदा ओकलो.

"अहो, कराच तुम्ही! थांबा, धाकटीला फोन करते," बायको म्हणाली. फोन धाकटीला झाला, शेजारणीला झाला, माझ्या दाताच्या डॉक्टरांनाही झाला. तिसरी रांग अख्खी आमची! मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

इकडे आमच्या हिरोचं धाबं दणाणलं. "दादा, तुम्ही स्टेजवर आलात तर मला वाक्यं कोण देणार?" याचं पाठांतर असं, की स्वतःचा पत्तासुद्धा विंगेकडे बघून सांगेल. कानावर पडेल ते खणखणीत म्हणायचं, एवढीच कला त्याने बारा वर्षांत कमावली होती. शेवटी ठरलं, की मी डॉक्टरचा कोट घालूनच विंगेत वही धरायची आणि आत जाताना ती दिग्दर्शकांच्या हातात द्यायची.

तिसरा अंक. हिरोची आई खाटेवर बेशुद्ध. ते काम करणाऱ्या बाई ऑफिसात हिरोच्या साहेब आहेत, त्यामुळे तो त्यांना बेशुद्धीतही घाबरून असतो. मी आत गेलो. उजेड डोळ्यांत घुसला. आणि तिसऱ्या रांगेत ही सरसावून बसली, बहिणीला कोपराने ढोसलं आणि बोट दाखवलं. माझ्याकडे! चक्क माझ्याकडे!

तेवढ्यात हिरोचा चेहरा कोरा पडला. विंगेत दिग्दर्शकांना पान सापडेना. हिरोचा तो चेहरा दिसला, की माझे ओठ आपोआप हलतात हो! मी कुजबुजलो, "डॉक्टर, माझी आई कशी आहे?"

"डॉक्टर! माझी आई कशी आहे?" हिरो गरजला.

आता माझी पाळी. मी छाती भरून श्वास घेतला... आणि बावीस वर्षांच्या सवयीने कुजबुजलो, "अभिनंदन, तुमची आई वाचली."

"अभिनंदन!" हिरोने माझा हात गदागदा हलवला. "तुमची आई वाचली!"

मागून कोणीतरी खिदळलं.

"अरे, हे माझं वाक्य आहे!" मी पुटपुटलो.

"अरे, हे माझं वाक्य आहे!" हिरोने छाती बडवली.

"गाढवा, गप्प बस!"

"गाढवा, गप्प बस!" आणि हे त्याने आईकडे वळून म्हटलं! बाईंनी बेशुद्धीतच एक डोळा उघडला. सभागृह लोळायचं बाकी होतं. विंगेतून दिग्दर्शक वही नाचवत ओरडत होते, "मोठ्याने! अहो, मोठ्याने बोला!"

मग मात्र मी जिवाच्या आकांताने शेवटचं वाक्य ठोकलं, "हळू बोला! पेशंटला झोपेची गरज आहे!"

पेशंट किंचाळून उठून बसला. पडदा पडला.

घरी जाताना दोघी बहिणी उद्याच्या भाजीबद्दलच बोलत होत्या. शेवटी मीच विचारलं, "कसं झालं?"

"दिसलात छान," बायको म्हणाली. "कोटही शोभत होता. पण शेवटचं सोडलं तर काही ऐकूच आलं नाही हो."

"हो ना!" मेहुणी म्हणाली. "एरवी भाऊजींचा शब्दन् शब्द कसा स्वच्छ येतो!"

"एरवी?" मी जागीच थांबलो.

"मग आम्ही तिसऱ्या रांगेत विंगेकडच्याच खुर्च्या का धरतो?" बायको म्हणाली. "तिथे तुमचं सगळं नाटक ऐकू येतं, हिरोच्या आधी. मी हिला बोट दाखवून सांगते ना, ऐक, आता हे बोलतायत! तुम्ही आपले पुढच्या वर्षी विंगेतच बसा. तिथे तुमचं काम फार छान होतं."

यावर काय बोलावं, मला सुचेना. आणि मला वाक्य द्यायला विंगेत कोणीच नव्हतं!